ओमानची लुबान आपल्या दारात येऊन गेली: एका हंपबॅक मादीची केस

घरात तिन्हीसांजेला धुपाटण्यात लोबान टाकतात बघा, तो शब्द मूळचा अरबी, लुबान. ओमानच्या धोफार भागात त्या डिंकाची झाडं आहेत, तिथून हजारो वर्षं हा माल जगभर गेला. (आपल्या बाजारात लोबान म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा भलत्याच झाडाचं असतं, आणि सातपुड्यातली साळई ही त्या ओमानी झाडाची चुलत बहीण लागते, पण तो विषय वेगळा.) तर हेच नाव ओमानमधल्या संशोधकांनी एका हंपबॅक देवमाशाच्या मादीला दिलं. नोव्हेंबर २०१७ मधे तिच्या पाठीत सॅटेलाइट टॅग बसवला, आणि पुढच्याच महिन्यात ही बाई सरळ अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर येऊन उभी.

देवमाशांबद्दल वाचायला लागलं की सगळं अवाढव्य आकड्यांत येतं, इतके टन वजन, एवढं मोठं हृदय, जीभच हत्तीएवढी वगैरे, आणि वाचून झाल्यावर डोक्यात काही राहत नाही. लुबानची केस वाचली तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की एका देवमाशाचं आयुष्य समजून घ्यायचं म्हणजे नक्की काय काय करावं लागतं, आणि एवढं सगळं करूनही किती थोडं हाती लागतं. म्हणून ही एकच केस जरा सविस्तर लिहितेय.

हे हंपबॅक बाकीच्यांसारखे का नाहीत

आधी हंपबॅकचं नेहमीचं आयुष्य बघू. मोठं जनावर, १३ ते १५ मीटर लांब, म्हणजे एस्टीच्या गाडीपेक्षा लांब, वजन २५-३० टन आणि वर. पाठीवर उंचवट्यासारखा छोटा पर (फिन), बाजूचे पर मात्र प्रचंड, अंगाच्या जवळजवळ एक तृतीयांश लांबीचे. तोंडात दात नाहीत, त्याऐवजी वरच्या जबड्यातून लोंबणाऱ्या झालरी, फणीच्या दात्यांसारख्या, आपली नखं ज्याची असतात त्याच केराटिनच्या. मोठा घोट घ्यायचा, पाणी झालरीतून बाहेर ढकलायचं, आत अडकलेले बारके मासे आणि कोळंबीसारखे क्रिल गिळायचे. मादी साधारण अकरा-बारा महिने गाभण असते, एकच पिल्लू, ते जन्मतःच चार मीटरच्या आसपास, आणि आईच्या दुधावर वाढतं. मासा नाहीच हा, नाव देवमासा असलं तरी, हे शाळेत शिकलेलो असतो आपण आणि तरी बोलताना मासाच म्हणतो.

जगातले बहुतेक हंपबॅक वर्षातून दोनदा लांबचा प्रवास करतात. उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड पाण्यात पोटभर खायचं, हिवाळ्यात उष्ण कटिबंधात येऊन जोड्या जुळवायच्या, पिल्लं घालायची, आणि या काळात जवळजवळ उपाशी राहायचं. काही हजार किलोमीटर जाऊन, तेवढेच परत. गरम पाणी पिल्लांना बरं पण तिथे खायला फारसं नाही, थंड पाण्यात खायला भरपूर पण पिल्लं घालायला ती जागा नाही, म्हणून ही वारी.

अरबी समुद्रातल्या हंपबॅकांनी ही वारी सोडून दिलेली आहे. ते वर्षभर इथेच असतात. आता उष्ण समुद्रात बारा महिने राहून खातात काय, तर याचं उत्तर आपल्या ओळखीचं आहे, मान्सून. जून ते सप्टेंबर जो नैऋत्येचा वारा आपल्याकडे पाऊस आणतो तोच आधी ओमानच्या किनाऱ्याला समांतर जोरात वाहतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून बाहेर ढकललं जातं आणि त्याच्या जागी खालचं थंड, खताने भरलेलं पाणी वर येतं. मग प्लवकांचं (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचं) पीक, त्यावर छोटे मासे, त्यावर हे. धोफारमधल्या सलालाहला या दिवसांत धुकं आणि हिरवळ असते, खरीफ म्हणतात तिथे (हो, आपला खरीप, शब्द तोच), मस्कतमधली मराठी मंडळी मुद्दाम सुट्टी काढून बघायला जातात. म्हणजे ज्या वाऱ्यावर कोकणातला भात उभा राहतो त्याच वाऱ्यावर हे देवमासे जगतात. भूमध्यरेषेच्या पलीकडून, दक्षिणेकडून येणाऱ्या हंपबॅकांशी यांची गाठ पडत नाही कारण दोघांचं पंचांग उलटं, दक्षिणेकडच्यांची पिल्लं जुलै-ऑगस्टच्या सुमारास होतात आणि यांची आपल्या हिवाळ्यात.

२०१४ मधे जेनेटिक्सचा अभ्यास आला त्यात असं दिसलं की हा गट बाकीच्या हंपबॅकांपासून साधारण ७०,००० वर्षं वेगळा पडलेला आहे. सत्तर हजार वर्षं! आणि संख्या किती, तर ओमानला २००० ते २००४ दरम्यान फोटो काढून जी मोजणी झाली त्यात अंदाज आला ८२. खालची मर्यादा ६०, वरची १११. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर याच्यापेक्षा जास्त लोक आहेत. हा अंदाज फक्त ओमानकडच्यांचा आहे हे इथेच सांगून ठेवते, पुढे त्याचं काम पडणार आहे. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००८ मधे यांना एंडेंजर्ड, म्हणजे धोक्यातल्या यादीत टाकलं.

संख्या इतकी कमी होण्यामागे एक काळी गोष्ट आहे. नोव्हेंबर १९६५ आणि नोव्हेंबर १९६६, असे दोन हंगाम सोव्हिएत रशियाच्या शिकारी बोटी अरबी समुद्रातून गेल्या आणि जाता जाता ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यालगत २४२ हंपबॅक मारून गेल्या. बेकायदेशीर, आणि आकडे लपवलेले. तीसेक वर्षांनी, १९९७ मधे, युरी मिखालेव्ह या त्यांच्याच संशोधकाने ते आकडे छापले तेव्हा जगाला कळलं. यातली अंगावर येणारी गोष्ट अशी की यांची पिल्लं उत्तर गोलार्धाच्या वेळापत्रकाने होतात, हे वर मी सहज लिहून गेले ना, त्याचा पहिला भक्कम पुरावा त्याच कत्तलीतून आला, मारलेल्या माद्यांच्या पोटातल्या गर्भांची लांबी मोजून. हे इथेच वर्षभर राहतात आणि खातात हेही त्याच पोटांतून कळलं. आज आपण जे कौतुकाने वाचतो त्यातलं बरंचसं असं आलेलं आहे.

टॅग म्हणजे काय आणि तो ठिपका कितपत खरा

ओमानचं काम बऱ्याच वर्षांचं आहे, एन्व्हायर्नमेंट सोसायटी ऑफ ओमान ही तिथली संस्था त्यात आहे, बाहेरचे संशोधकही. सुरवात फोटोंपासून. हंपबॅक खोल बुडी मारताना शेपूट पाण्याबाहेर काढतो आणि त्या शेपटीची खालची बाजू प्रत्येकाची वेगळी असते, काळ्या-पांढऱ्याचा नमुना, कडेचे खाचखळगे, जखमांचे वण. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखं. त्यामुळे एकदा चांगला फोटो मिळाला की पुढच्या वर्षी तोच प्राणी ओळखता येतो, आणि ओळखता आलं की मोजता येतं.

पण फोटोची अडचण उघड आहे, जिथे बोट जाते तिथलाच फोटो मिळतो. ओमानच्या किनाऱ्यावर बोट नेली तर देवमासे ओमानच्या किनाऱ्यावरच दिसणार. म्हणून २०१४ ते २०१७ मधे १४ हंपबॅकांना सॅटेलाइट टॅग लावले गेले.

हे काम नाजूक असतं. छोट्या बोटीतून जनावराच्या अगदी जवळ जायचं, काही मीटरवर, ते श्वास घ्यायला वर आलं की हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीसारख्या यंत्राने टॅग सोडायचा, तो पाठीवरच्या पराच्या आसपास चरबीत घुसून बसतो आणि बाहेर राहते फक्त अँटेना. देवमासा वर आला आणि अँटेना पाण्याबाहेर आली की टॅग संदेश फेकतो, वरून जाणारा आर्गोस यंत्रणेचा उपग्रह तो पकडतो. पाण्याखालून काहीही जात नाही. उपग्रह त्या वेळी डोक्यावर असला पाहिजे, आणि ठिकाण काढायला एकाच फेरीत दोनचार संदेश मिळाले पाहिजेत, कारण हे जीपीएससारखं नाही, उपग्रह जवळ येताना आणि लांब जाताना संदेशाची फ्रिक्वेन्सी किती बदलली त्यावरून जागा काढतात. रेल्वे फाटकावर उभं राहिलं की इंजिनाचा भोंगा जवळ येताना बारीक आणि पुढे गेल्यावर जाड ऐकू येतो, तेच तत्त्व. त्यामुळे कधी जागा काहीशे मीटरपर्यंत बरोबर, कधी कित्येक किलोमीटर इकडेतिकडे. आणि टॅग कायमचा टिकत नाही, काही दिवस ते काही महिने, मग शरीर त्याला काट्यासारखं बाहेर टाकतं.

एवढं सगळं एका ठिपक्यासाठी. नकाशावर जी सुंदर रेघ दिसते ना, ती आपण मारलेली असते, देवमाशाने दिलेले असतात फक्त ठिपके, मधलं सगळं आपण जोडलेलं. ही गोष्ट मी स्वतः फार उशिरा समजून घेतली, आधी मला वाटायचं की कोणीतरी तिला लाइव्ह बघतंय.

फेरी

लुबानला टॅग लागला तो मसिराहच्या आखातात. ओमानच्या पूर्व किनाऱ्यावर मसिराह नावाचं मोठं बेट आहे, त्याच्या दक्षिणेचं पाणी, हंपबॅकांची खास जागा. त्याआधी टॅग लावलेल्यांनी काय केलं होतं, तर मसिराहचं आखात ते सलालाहजवळचा हल्लानियत बेटांचा भाग, बहुतेक याच पट्ट्यात किनाऱ्याकिनाऱ्याने वरखाली. त्यामुळे सगळ्यांचं मत बनत चाललं होतं की हे ओमानचे देवमासे आहेत, ओमानलाच राहतात. पाकिस्तान आणि भारताच्या बाजूला अधूनमधून एखादा दिसायचा, एखादा मरून किनाऱ्याला लागायचा, पण ते हेच की दुसरे, सांगायला पुरावा नव्हता.

लुबानने किनारा सोडला आणि पूर्वेला निघाली. समोर खुला समुद्र, मधे तीन-साडेतीन हजार मीटर खोल पाणी, विसाव्याला काही नाही. हिशेब करून बघा, अंतर साधारण दीड हजार किलोमीटर, हंपबॅक प्रवासाला लागला की ताशी चार-पाच किलोमीटर जातो, म्हणजे थांबा न घेता रात्रंदिवस पोहत राहिली तरी दोन आठवडे. आपण चालतो त्या वेगाने, मुंबईहून निघून जवळजवळ दिल्लीपर्यंत. झोपायचं काय, तर देवमासे मेंदूचा अर्धा भाग जागा ठेवून झोपतात असं मानतात, कारण श्वास घ्यायला त्यांना मुद्दाम वर यावं लागतं, आपल्यासारखा तो आपोआप होत नाही.

डिसेंबरात तिचा ठिपका गोव्याच्या समोर. तारीख-वार घेऊन बसत नाही, पण आपल्याकडे तेव्हा गोव्याला ख्रिसमस-थर्टीफर्स्टच्या बुकिंगची मारामारी चाललेली असते ते दिवस. बागा-कळंगुटला किती लोक समुद्राकडे तोंड करून बसले असतील, आणि त्यांच्या समोरून, नजरेच्या टप्प्याच्या पलीकडे, सत्तर हजार वर्षं वेगळ्या पडलेल्या त्या गटातली एक मादी दक्षिणेला चाललेली.

गोव्यात ती रमली नाही. कर्नाटक, केरळ करत किनाऱ्याकिनाऱ्याने खाली, कन्याकुमारीला वळसा घालून मन्नारच्या आखातापर्यंत, म्हणजे श्रीलंकेच्या दाराशी. आणि तिथून परत फिरून ओमानला. अरबी समुद्राच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर गेलेला हंपबॅक असा नोंदला जाण्याची ही पहिलीच वेळ.

मग यातून सिद्ध काय झालं

इथे मला जरा हात आखडता घ्यावासा वाटतो, कारण बातम्या आल्या त्या "देवमाशांचा मार्ग सापडला" छापाच्या. मार्ग सापडलेला नाही. १४ टॅग, त्यातली एक इकडे आली. घाटातून एक ट्रक जाताना दिसला म्हणून तो हायवे ठरत नाही.

पण एक गोष्ट मात्र एका उदाहरणानेच सिद्ध होते, ती म्हणजे हे घडू शकतं. ओमानकडचे आणि भारताकडचे हंपबॅक म्हणजे दोन कुलुपबंद खोल्या आहेत असं आता कोणी म्हणू शकत नाही, दार आहे आणि ते उघडतं. त्यामुळे ८२ चा तो आकडाही वेगळा दिसायला लागतो. मोजणी ओमानच्या किनाऱ्यावर झाली, पण मोजलेल्यांतले काही जण वर्षातला काही काळ बाहेर असतील तर? किंवा आपल्याकडे असे काही असतील जे ओमानला कधी गेलेच नाहीत? दोन्ही शक्य, आणि दोन्हींचं उत्तर एकट्या लुबानकडे नाही.

ती आली कशाला? खायला आली असेल म्हणावं तर आपल्या किनाऱ्याला तारली, बांगडा आहेतच, पण ती एका जागी थांबून राहण्यापेक्षा पुढे पुढे गेलेली दिसते. जोडीदार शोधायला म्हणावं तर हंगाम बरोबर जुळतो, डिसेंबर-जानेवारी हा यांचा लग्नसराईचाच काळ. मला स्वतःला दुसरं जास्त पटतं आणि त्याला कारण आहे.

२०१७ च्याच मार्चमधे, म्हणजे लुबान यायच्या नऊ-दहा महिने आधी, गोव्यात ग्रँड आयलंडजवळ पाण्याखाली एक रेकॉर्डर ठेवलेला होता. वास्कोच्या समोरचं हे बेट, स्कूबावाले पर्यटकांना घेऊन जातात ते. त्या रेकॉर्डिंगमधे हंपबॅकचं गाणं सापडलं. आता हंपबॅकमधे गातात ते नर, माद्या असं लांबलचक गाणं गात नाहीत. म्हणजे गोव्याच्या त्या पाण्यात मार्चमधे किमान एक नर होता, आणि डिसेंबरात त्याच भागासमोरून एक मादी गेली. दोन वेगळ्या पद्धती, दोन वेगळ्या टीम, एकमेकांच्या माहितीशिवाय, आणि बोट दोघांचं एकाच पाण्याकडे. माझ्या मते या सगळ्या केसमधली ही सगळ्यात भारी गोष्ट आहे आणि बातम्यांमधे तिला दोन ओळीसुद्धा मिळाल्या नाहीत, कारण ठिपक्याचा नकाशा फोटोजेनिक असतो, रेकॉर्डिंगचा आलेख नसतो.

गाण्याबद्दल एक सांगते. एका भागातले सगळे नर साधारण एकच गाणं गातात, तुकडे ठरलेले, क्रम ठरलेला, आणि बाकी महासागरांत ते गाणं वर्षागणिक बदलत जातं. त्यामुळे गाण्यावरून कोण कोणाच्या संपर्कात आहे याचा अंदाज बांधता येतो, जसं बोलण्यावरून आपण ओळखतो की हा वेंगुर्ल्याचा आणि हा गुहागरचा. टॅग मारायला जनावराच्या उरावर जावं लागतं, रेकॉर्डर मात्र गुपचूप तळाशी पडून राहतो आणि महिनोन्महिने ऐकत राहतो. आपल्या किनाऱ्यासाठी मला तोच मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडे नोंद का नव्हती

लुबानच्या बातमीखाली लोकांची प्रतिक्रिया होती, बापरे आपल्याकडे देवमासे आहेत! आहेत की, नेहमीच होते. हंपबॅक सोडा, २०१५ मधे सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समोर कोकण सेटेशियन रिसर्च टीमला (देवमासे-डॉल्फिनचा अभ्यास करणारे लोक) निळा देवमासा दिसला होता, पिल्लासकट. पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा प्राणी, आणि महाराष्ट्राच्या पाण्यात त्याची त्याआधीची नोंद म्हणे शंभर वर्षांपूर्वीची. त्याच वर्षी जूनमधे रेवदंड्याला एक ४२ फुटी देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला आणि मेला. नोव्हेंबर २०२३ मधे गणपतीपुळ्याला पिल्लू आलं तेव्हाची गर्दी तर सगळ्यांनी टीव्हीवर बघितली, त्याला समुद्रात नेऊन सोडलं तरी ते परत आलं आणि मेलं.

नोंद नसण्याचं कारण साधं आहे, बघणारं कोणी नव्हतं. जो बघतो तो मच्छीमार, आणि त्याला कोणी विचारत नाही. त्यातही पावसाळ्यात, जून-जुलैला महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा समुद्रात काय चाललंय हे बघायला माणूसच नाही. मग ऑगस्टपासून बोटी बाहेर पडतात, पण लक्ष जाळ्यावर, डिझेल किती उरलं त्यावर. लांबवर फवारा दिसला तर बोट दाखवायचं आणि पुढे जायचं. लिहून कोण ठेवणार आणि कुठे?

शिवाय नावांचा घोळ. पेपरात "व्हेल मासा जाळ्यात सापडला" अशी बातमी येते आणि फोटोत असतो व्हेल शार्क, जो खरोखरचा मासा आहे, कल्ल्यांनी श्वास घेणारा, देवमाशाशी काही संबंध नाही. मालवणकडे डॉल्फिनला गादा म्हणतात तसं स्वच्छ वेगळं नाव असलं की गोंधळ होत नाही, पण मोठ्या देवमाशांना सगळ्यांना मिळून एकच शब्द. निळा, ब्राइड्स, हंपबॅक, स्पर्म, सगळे देवमासे. आणि आजकाल देवमासा म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते, व्हेलची उलटी, इतक्या कोटींची पकडली. ती उलटीसुद्धा नाही, स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा गोळा आहे तो, लुबानच्या जातीत होतच नाही. तरी मी हंपबॅकबद्दल काही सांगायला गेले की पहिला प्रश्न त्या उलटीचाच.

जाळं

लुबानच्या रस्त्यात काय काय असेल याचा विचार केला की जीव थोडा होतो. खुल्या समुद्रात मोठी जहाजं, पर्शियन आखातातून पूर्वेकडे जाणारे टँकर, कंटेनरवाले. आणि दोन्ही किनाऱ्यांवर जाळी. ओमानच्या हंपबॅकांचे फोटो तपासले तेव्हा शेपटीच्या बुंध्याशी जाळ्यात अडकल्याचे वण ३० ते ४० टक्के जनावरांवर असावेत असं दिसलं. म्हणजे हे फक्त सुटून आलेल्यांचं प्रमाण. जे सुटले नाहीत त्यांचे फोटो कोण काढणार.

मच्छीमाराला यात खलनायक करणं सोपं आहे पण ते खरं नाही. देवमासा जाळ्यात आला तर जाळं फाटतं, ते लाखाचं असू शकतं, आणि कर्जावर घेतलेलं असतं. महाराष्ट्रात वनखात्याच्या कांदळवन कक्षाने २०१८ च्या शेवटी एक योजना आणली, संरक्षित प्राणी अडकला आणि जाळं कापून त्याला सोडलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई, फोटो-व्हिडिओ पुरावा म्हणून द्यायचा. कासवं, व्हेल शार्क असे बरेच प्राणी त्यातून सुटले. रक्कम पुरेशी आहे का हा वाद आहेच, पण या योजनेमुळे एक गोष्ट न ठरवता झाली, बोटीवरचा माणूस फोटो काढायला लागला. देवमाशांच्या अभ्यासाला पाहिजे होतं तेच नेमकं.

आंतरराष्ट्रीय पातळीवर अरबी समुद्रातल्या देवमाशांसाठी देशोदेशींच्या संशोधकांचं एक नेटवर्क २०१५ पासून आहे, आणि ऑक्टोबर २०१७ मधे, लुबानला टॅग लागायच्या एक महिना आधी, स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांच्या कराराच्या मनिलाच्या बैठकीत या हंपबॅकांसाठी सगळ्या किनारी देशांनी मिळून काम करायचं असा ठराव झाला. गंमत बघा, स्थलांतर न करणारा हंपबॅक म्हणून जो प्रसिद्ध, त्याच्यासाठी स्थलांतरितांच्या करारात ठराव, आणि लगेच पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत लुबान समुद्र ओलांडून ठराव खरा करून दाखवते.

मामा

गेल्या मे महिन्यात देवगडला गेले होते, मामांकडे. मामांची आयुष्याची चाळीस वर्षं बोटीवर गेलीत, आता गुडघे धरतात म्हणून ओट्यावर बसून जाळी दुरुस्त करतात, हातातली नायलॉनची सुई थांबत नाही. मी त्यांना फोनवर लुबानचा नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सारून (जवळचं ते तसंच बघतात) बराच वेळ बघितलं, बोटाने रेघ गिरवली, आणि म्हणाले, "ह्यां माका म्हायत आसा."

मग सांगायला लागले. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, दत्तजयंतीच्या आगेमागे, पहाटे जाळं ओढताना बाजूला असा आवाज झाला, गाडीचा ट्यूब फुटल्यासारखा, फूऽऽस, आणि सडलेल्या मासळीचा भपकारा आला. बोटीपेक्षा लांब काळं अंग, त्याच्यावर शंख-शिंपल्यांसारखं काहीतरी चिकटलेलं, आणि पंख्यासारखा पांढरा पर पाण्याखाली चमकला. बोटीवरच्यांनी हात जोडले, नारळ होता तो दिला.

दत्तजयंती म्हणजे डिसेंबर. लांब पांढरा पर. माझी धडधड वाढली. मी म्हटलं मामा, शेपूट वर काढली का त्याने, खालून कशी होती, पांढरी का काळी, काही खूण होती का?

मामांनी सुई थांबवली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना देवमाशाचं आधार कार्ड मागितलं. "शेपटी खालसून बघूची आसता ह्यां माका कोणी सांगूक नाय गो," म्हणाले. "आमी आपले डोळे मिटून हात जोडून उभे."

ब्राइड्स नसेल कशावरून, असं मी स्वतःला बजावलं. पण ब्राइड्सचा पर लहान असतो आणि पांढरा नसतो. मग मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं, देवगड, वर्ष नक्की नाही, दत्तजयंती, पर लांब पांढरा, शेपूट बघितली नाही. आणि मामेभावाच्या फोनमधे, जो आता बोट नेतो, शेपटीच्या खालच्या बाजूचे चारपाच फोटो टाकून आले, हंपबॅकची अशी दिसते म्हणून. तो म्हणाला बरं. मामा आतून ओरडले, "आधी नारळ दी, मगे फोटो काढ."